पंखा बसवायचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वायरमन आहे. मला येणारा प्रश्न बहुतेक वेळा एका ओळीचा असतो: “पंखा लावायचाय, किती घ्याल?” एका ओळीत उत्तर देणं अवघड, कारण मला तुमचं छत दिसत नसतं. पंखा कुठलाही असो, खर्च ठरतो तो वर काय आहे त्यावर. मजुरीचे दर जागेगणिक वेगळे, म्हणून इथे मी रकमा न देता काम आणि लागणारा वेळ सांगतो. दर तुमच्याकडचा लावा, हिशेब जुळेल.

१. पंखा बसवायला एकूण खर्च किती येतो?

खर्चाचे चार भाग असतात: पंखा, त्याला धरणारा हूक, वायर-बटण-रेग्युलेटर आणि मजुरी. पंख्याची किंमत दुकानात कळते. उरलेले तिन्ही भाग छताकडे आणि बोर्डाकडे पाहिल्यावरच कळतात.

छताला पक्का हूक आहे, वायर तिथपर्यंत आलेली आहे, बोर्डावर बटण आणि चालू रेग्युलेटर आहे, अशा घरात खर्च फक्त मजुरीचा, तोही तासाभराच्या आतला. यातलं एकेक नसेल तसा खर्च चढत जातो. हूक नसला तर थोडा (प्रश्न ४), वायरच नसली तर बराच (प्रश्न ६). पंख्यापेक्षा पॉइंट काढायला जास्त पैसे गेले, असं मी अनेक घरांत पाहिलंय आणि दरवेळी घरमालकाला धक्का बसलेला असतो.

फोनवरच बरा अंदाज हवा असेल तर तीन फोटो पाठवा: छतावरच्या जागेचा जवळून, स्विचबोर्डाचा आणि पंख्याच्या खोक्यावरच्या माहितीचा. खोलीची उंचीही कळवा. एवढ्यावर सांगितलेला आकडा सहसा बदलत नाही.

२. “फिटिंगचे पैसे” म्हणजे त्यात काय काय आलं?

साधारण रीत अशी: पंख्याची जोडणी, तो वर टांगणं, वायर जोडणं, चालवून दाखवणं. यात न येणाऱ्या गोष्टी: जास्त लांबीचा रॉड, अँकर (छतात ठोकायचा बोल्ट, प्रश्न ४), नवी वायर, नवा रेग्युलेटर, भिंत फोडली तर ती भरणं आणि रंग.

जुना पंखा उतरवणं मजुरीत धरलंय की नाही, हे आधीच विचारा. काहीजण धरतात, काहीजण वेगळे लावतात. दोन्ही रास्त आहे, पण काम संपल्यावर कळलं की भांडण होतं.

३. जुना काढून नवा लावायचाय. किती वेळ लागतो?

पाऊण तास, फार तर तास. त्यातला बराच वेळ जमिनीवर जातो. पाती लावायची, रॉडमधून वायर ओवायची, दोन्ही वाट्या (रॉडचे वरचे-खालचे जोड झाकणाऱ्या) रॉडवर चढवायच्या (ही एक विसरली की सगळं परत उतरवा), मग रॉडचा बोल्ट, नट आणि पिन.

त्या पिनेबद्दल थोडं सांगतो. रॉडच्या बोल्टला भोक असतं, त्यातून केसांच्या आकड्यासारखी दुहेरी पिन जाते आणि तिची दोन टोकं दोन बाजूंना वळवायची असतात. पंखा थरथरला की नट हळूहळू सैल होतो. तो निसटू नये म्हणून ही पिन. एकदा मी एक पंखा बदलायला वर चढलो तर पिनेच्या जागी उघड्या वायरचा तुकडा पिळून घातलेला होता. तोही झिजलेला, नट अर्धा बाहेर आलेला आणि खाली पलंग. घरातल्यांची तक्रार एवढीच होती, की पंखा “जरा खडखडतो”. तेव्हापासून मी दुसऱ्याने लावलेला पंखा दुरुस्तीसाठी जरी उघडला, तरी आधी वाटी खाली सरकवून पिन बघतो.

४. छताला हूकच नाही. मग काय करता येतं?

स्लॅब काँक्रीटचा असेल तर अँकर फास्टनर मारता येतो. हॅमर ड्रिलने भोक पाडायचं, धूळ फुंकून काढायची, अँकर आत ठोकून बोल्ट आवळायचा. आवळताना त्याची नळी आत फुगते आणि काँक्रीटला घट्ट धरते. त्यावर पंख्याचा हूक किंवा क्लॅम्प बसतो. सगळं धरून तासभर वाढतो, आणि सामानापेक्षा मजुरीच जास्त होते, कारण डोक्यावर ड्रिल धरून उभं राहणं हे कष्टाचं काम आहे.

दोन अडचणी येतात. भोक पाडताना मध्येच सळई लागली तर ती कापायची नसते, जागा दोन-चार इंच सरकवायची. पंखा खोलीच्या अगदी मध्यात येत नाही म्हणून हट्ट धरू नका. दुसरी अडचण गिलाव्याची. गिलावा जाड असेल आणि अँकर जेमतेम त्याच्यातच बसला असेल, तर आज घट्ट वाटेल आणि काही महिन्यांत सैल होईल. पकड काँक्रीटमध्येच हवी.

लाकडी वासा, पत्रा किंवा उतरतं छत असेल तर प्रश्न १६ पाहा.

५. जुना हूक आहे. त्यावरच नवा पंखा टांगला तर चालेल ना?

बहुतेक वेळा चालतो. पण बघितल्याशिवाय नाही. हूक गंजून पातळ झालाय का, वर्षानुवर्षं घासून त्याला खाच पडलीय का, भोवतीचं काँक्रीट भुगा होऊन पडतंय का, हे हाताने चाचपून कळतं. मी स्टुलावरून पाय न उचलता दोन्ही हातांनी हुकाला जोरात ओढ देतो. साधा पंखा चार-पाच किलोच्या आसपास असतो, पण फिरताना तो नुसता लोंबत नाही. सतत हलतो, सुरू होताना झटका देतो. त्यामुळे आधार वजनाच्या कितीतरी पट मजबूत हवा.

नवा पंखा दिव्यांचा, लाकडी पात्यांचा, सजावटीचा असेल तर तो जुन्यापेक्षा दुप्पट जड असू शकतो. खोक्यावर वजन लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. स्लॅबमधून पाणी झिरपत असेल तर आधी गळती, मग पंखा.

६. खोलीत पंख्याचा पॉइंटच नाही. नवा काढायला किती?

खरा खर्च इथे आहे. बोर्डापासून छताच्या मध्यापर्यंत वायर न्यायची, ती दोन पद्धतींनी नेता येते.

पहिली पद्धत उघड्या पट्टीची, म्हणजे केसिंग. प्लास्टिकची पट्टी भिंतीवरून आणि छतावरून स्क्रूने ठोकायची, वायर तिच्यात. अर्ध्या दिवसाच्या आत काम होतं, भिंत फुटत नाही, पुढे काही बिघडलं तर झाकण काढून बघता येतं. दिसायला मात्र पट्टी दिसते.

दुसरी पद्धत कन्सील. भिंतीत झिरी मारायची, पाइप बसवायचा, वायर ओढायची, सिमेंटने भरायचं, वाळू द्यायचं, मग पुट्टी आणि रंग. वायरमनचं काम एका दिवसात होतं, पण गवंडी आणि रंगारी त्याच्या मागून येतात, आणि एका झिरीसाठी अख्खी भिंत रंगवावी लागते, कारण जुन्या रंगाची छटा जुळत नाही. घराचं रंगकाम नाहीतरी करायचंच असेल तर पॉइंट त्याच्या आधी काढून घ्या. रंग झाल्यावर फोन करणारे सगळ्यांत महागात पडतात, स्वतःलाच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कन्सीलसाठी स्लॅबला झिरी मारायची नसते. त्यात सळया असतात. भिंतीत झिरी चालते, छतावर शेवटचा पट्टा केसिंगचाच घ्यावा लागतो, नाहीतर फॉल्स सीलिंगच्या वर लपवावा लागतो.

७. फॉल्स सीलिंग आहे. त्यालाच पंखा लावता येईल का?

नाही. जिप्समची शीट आणि तिचा पत्र्याचा सांगाडा पंख्यासाठी नसतो. पंखा वरच्या स्लॅबला टांगायचा, फॉल्स सीलिंगला फक्त रॉड जाण्यापुरतं भोक.

त्यामुळे खर्च दोन ठिकाणी वाढतो. रॉड लांब लागतो, आणि वरच्या हुकापर्यंत हात पोचायला जागा नसेल तर शीट कापून पुन्हा बसवावी लागते. सीलिंगचं काम चालू असतानाच वायरमनला बोलावलं असतं तर हेच काम अर्ध्या तासाचं होतं.

८. रॉड किती लांब घ्यायचा?

पाती जमिनीपासून कमीत कमी सात फूट वर हवीत, आठ असली तर उत्तम. पात्यांपासून छतापर्यंत आठ ते बारा इंच मोकळे हवेत, कारण पंखा हवा वरून खेचतो. छताला चिकटलेला पंखा जोरात फिरतो आणि हवा मात्र येत नाही. लोक मग मोटरला शिव्या देतात.

नऊ-दहा फुटी खोलीत खोक्यातला रॉड पुरतो. त्याहून उंच छतासाठी लांब रॉड घ्यावा लागतो. तो स्वस्त असतो, पण त्याच्यासोबत लांब वायरही लागते, हे विसरलं जातं. उंची चौदा-पंधरा फुटांच्या पुढे गेली की साधा घोडा (घडीची शिडी) पुरत नाही, उंच शिडी नाहीतर परांची लागते, आणि ती भाड्याने आणायचे पैसे तुमच्याच बिलात येतात.

छत फार खाली असेल तर बिनरॉडचे, छताला लागून बसणारे पंखे मिळतात. हवा थोडी कमी, पण डोकं सुरक्षित. एकावर एक असा दुमजली पलंग असेल तर उंची वरच्या गादीपासून मोजा.

पात्यांच्या टोकापासून भिंत किंवा कपाट दीड फूट तरी लांब हवं. भिंत जवळ असली की पंखा घुमतो आणि हवाही कमी देतो.

९. एकटा माणूस येऊन लावू शकत नाही का? हेल्परचे पैसे कशाला?

साधा पंखा एकट्याने लावता येतो, मीही लावलेत. पण एका हाताने चार-पाच किलो डोक्यावर धरून दुसऱ्या हाताने बोल्ट ओवायचा, तेही स्टुलावर उभं राहून. खालून पंखा उचलून देणारं कुणी असलं की काम निम्म्या वेळात होतं. घरातल्या धडधाकट माणसाने खाली उभं राहायचं कबूल केलं, तर मी हेल्पर आणत नाही आणि तसे पैसेही लावत नाही. विचारून बघा. जड किंवा उंचावरच्या पंख्याला मात्र दुसरा माणूस हवाच, तिथे घासाघीस करू नका.

१०. नुसतं बघायला आल्याचे पैसे का घेता?

येण्याजाण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही म्हणून. काम दिलं तर ते वजा करण्याची पद्धत बऱ्याच जणांची आहे. फोटो आधी पाठवले (प्रश्न १) तर ही फेरीच वाचते.

११. मी स्वतः लावला तर?

जुन्या जागी नवा, हूक चांगला, वायर चांगली, आणि तुम्हाला वायर जोडण्याची सवय असेल, तर लावता येतो. काही ठिकाणी घरातलं वायरिंगचं काम परवानाधारकानेच करावं असा नियम असतो. तुमच्याकडे काय आहे ते बघून घ्या.

नुसतं बटण बंद करून वर हात घालू नका. बरीच जुनी घरं अशी आहेत जिथे बटण फेजवर (करंट आणणाऱ्या वायरीवर) न लावता न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) लावलेलं आहे. बटण बंद केलं की पंखा थांबतो, पण वरच्या वायरीत करंट तसाच असतो. मला स्वतःला हा झटका बसलाय, नवखा असताना, आणि स्टुलावर बसलेला झटका म्हणजे नुसता झटका नसतो, खाली पडणंही असतं. मेन बंद करा, मग टेस्टरने वरच्या प्रत्येक वायरीला लावून बघा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये तपासा, नाहीतर बिघडलेला टेस्टर “करंट नाही” असंच सांगेल.

वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. देशागणिक रंग वेगळे असतात आणि जुन्या घरात तर हाताला आलेली वायर ओढलेली असते.

स्वतः लावून मजुरी वाचते हे खरं. पण नंतर पंखा हलतो म्हणून मला बोलावलंत तर उतरवणं आणि पुन्हा लावणं, दोन्हीची मजुरी होते.

१२. रेग्युलेटरही बदलायला हवा का?

जुना चालू असेल आणि पंखा साधा असेल तर नको. जुना म्हणजे तो मोठा, गरम होणारा, तारेच्या वेटोळ्याचा खोका असेल तर बदलाच. तो पंख्याचा वेग कमी करतो, पण उरलेली वीज उष्णता म्हणून उधळतो. इलेक्ट्रॉनिक स्टेप रेग्युलेटर लहान असतो, बोर्डाच्या एका खाचेत बसतो, आणि वेग कमी केला की वीजही खरोखर कमी घेतो. पंख्याच्याच वेळी बदलून घेतला तर दहा मिनिटांचं जास्तीचं काम.

दिव्याचा डिमर पंख्याला लावायचा नाही. मोटर घुमते, तापते, लवकर जाते. बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरच्या पंख्याचं प्रकरण पुढच्या उत्तरात.

१३. बीएलडीसी पंखा लावायला जास्त पैसे पडतात का? आणि तो परवडतो का?

टांगायचं काम तेच, तेवढाच वेळ. फरक बोर्डात आहे. बीएलडीसीचा वेग त्याच्या आतल्या सर्किटने आणि रिमोटने ठरतो, त्याला सरळ पूर्ण वीज हवी. जुना रेग्युलेटर मध्ये राहिला तर सर्किट बिघडू शकतं. म्हणून रेग्युलेटर काढून वायर थेट बटणाला जोडायची. हे दहा मिनिटांचं काम विसरलेला वायरमन मी पाहिलाय. पंखा मध्येच बंद पडत होता, कंपनीचा माणूस येऊन सर्किट बदलून गेला, तरी तेच. दोष पंख्यात नव्हताच, रेग्युलेटर तिसऱ्या नंबरवर तसाच ठेवलेला होता.

आता परवडण्याचं. साधा १२०० मिलिमीटरचा पंखा पूर्ण वेगाला ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी ३०च्या आसपास. दिवसाला १२ तास धरले तर साधा ०.९ युनिट, बीएलडीसी ०.३६ युनिट. रोजचा फरक ०.५४. वर्षात ३०० दिवस पंखा चालला तर १६२ युनिट. याला तुमच्या बिलातला युनिटचा दर लावा आणि दोन्ही पंख्यांच्या किमतीतल्या फरकाला त्याने भागा. जितकी वर्षं येतील तितक्यात पैसे वसूल.

हा हिशेब पूर्ण वेगाचा आहे. तुम्ही पंखा नेहमी दोनवरच लावत असाल आणि रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक असेल, तर साधा पंखाही ७५ वॉट घेत नाही, बचत कमी होते. पाहुण्यांच्या खोलीत, जिथे पंखा वर्षातून आठ दिवस चालतो, तिथे मी साधाच लावायला सांगतो. चोवीस तास चालणाऱ्या खोलीत मात्र बीएलडीसी.

रिमोट हरवतो. पंख्याच्या बटणाशेजारी रिमोटचा होल्डर स्क्रूने बसवून घ्या, काही पंख्यांच्या खोक्यात तो असतो.

१४. दिवा असलेला पंखा घेतलाय. काही वेगळं लागेल?

दिवा आणि पंखा वेगवेगळ्या बटणांवर हवे असतील तर वरपर्यंत दोन फेज वायरी लागतात. जुन्या पॉइंटला सहसा एकच असते. मग एक तर पाइपमधून आणखी एक वायर ओढायची (पाइप मोकळा असेल तर सोपं, चेपलेला असेल तर प्रश्न ६च्या रस्त्याने जावं लागतं), नाहीतर रिमोटवर चालणारा पंखा घ्यायचा. पंखा विकत घेण्याआधी हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय.

वजनाचं प्रश्न ५ मध्ये सांगितलंय.

१५. नवा पंखा डुगडुगतो. परत बोलावलं तर पैसे लागतील?

लावल्या लावल्याच डुगडुगत असेल तर नाही लागायला पाहिजेत. चांगला वायरमन पंखा पाच मिनिटं सगळ्या वेगांवर चालवून मगच घोडा मिटतो.

कारणं बहुतेक तीनच. पात्यांचे स्क्रू सारखे आवळलेले नसणं, एखादं पातं वाहतुकीत किंवा हाताळताना वाकणं, आणि रॉडचा बोल्ट ढिला असणं. वाकलेलं पातं ओळखायला एक पट्टी छताला उभी टेकवा, तिच्यावर एका पात्याच्या टोकाची उंची खूण करा, मग हाताने फिरवून प्रत्येक पातं त्याच खुणेशी आणा. जे वर-खाली जाईल ते वाकलेलं. पाती एकाच संचातली हवीत. दोन पंखे शेजारी लावताना पाती अदलाबदल झाली, तर दोन्ही डुगडुगतात.

चार-सहा महिन्यांनी हलायला लागला तर ते नवं काम धरलं जातं. तेही रास्त आहे. त्याआधी पात्यांवरची धूळ पुसून बघा. एका पात्यावर जाड थर आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यानेही पंखा हलतो.

१६. लाकडी वासे किंवा पत्र्याचं छत आहे. तिथे?

वाशाला अँकर मारायचा नाही. वासा दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा लोखंडी क्लॅम्प बोल्टने आवळायचा, किंवा आरपार भोक पाडून बोल्ट घालायचा. आधी वासा टोचून बघायचा. वाळवीने पोखरलेला वासा बाहेरून ठणठणीत दिसतो.

पत्र्याला स्वतःला काहीच टांगू नका. त्याखालच्या लोखंडी पाइपला किंवा अँगलला क्लॅम्प बसतो. पाइप पंख्याच्या जागी नसेल तर दोन पाइपांमध्ये आडवा अँगल टाकावा लागतो, म्हणजे वेल्डरचं काम आणि त्याचे वेगळे पैसे.

उतरत्या छताला हुकावर मोकळा झुलणारा रॉड लागतो, म्हणजे पंखा स्वतःच सरळ राहतो. पात्यांची वरची बाजू उताराला लागणार नाही एवढा रॉड लांब घ्या.

१७. जुन्याच पंख्याची दुरुस्ती करावी की नवा घ्यावा?

हळू फिरतोय एवढीच तक्रार असेल तर नव्याचा विचार थांबवा. बहुतेक वेळा कंडेन्सर उतरलेला असतो. साधारण अडीच मायक्रोफॅरॅडचा एक लहानसा डबा, वाटीच्या आत, दहा मिनिटांत बदलतो. किंमत पंख्याच्या मानाने किरकोळ. हाताने ढकलल्यावर सुरू होणारा पंखाही बहुतेक वेळा याच आजाराचा.

घरघर येत असेल तर बेअरिंग. पंखा उतरवून खोलावा लागतो, तरीही नव्यापेक्षा स्वस्त पडतं. मोटर जळली असेल, वास येऊन गेला असेल, तर भरून घेता येते (आतलं तारेचं वेटोळं नवं गुंडाळून), पण भरण्याची मजुरी आणि दोनदा चढ-उतार धरला की नवा घेतलेला बरा. अपवाद जुन्या जड, तांब्याच्या भरभक्कम पंख्यांचा. ते मी भरूनच घ्यायला सांगतो. यात माझा थोडा लोभही आहे, मला ते पंखे आवडतात.

१८. नवा पंखा उलटा फिरतोय. बिघडलेला आलाय का?

नाही. कंडेन्सरच्या वायरी अदलाबदल झाल्यात. लावणाऱ्याने फुकट नीट करून द्यायला हवं. रिमोटच्या काही पंख्यांना उलटं फिरण्याची सोयच असते, आधी ते बटण चुकून दाबलंय का बघा.

१९. चार-पाच पंखे एकदम लावले तर सूट मिळते का?

मिळते, आणि मागावी. येणं-जाणं, हत्यारं काढणं, मेन बंद करणं एकदाच होतं. दुसऱ्या पंख्यापासून वेळ कमी लागतो. सूट मजुरीवर मागा, सामानावर नको. सामानावर सूट मागितली की हलकी वायर येते.

२०. भाड्याच्या घरात हा खर्च कुणी करायचा?

करारात काय लिहिलंय ते बघा. नसेल लिहिलं तर माझ्या पाहण्यात असं चालतं: हूक, वायर, पॉइंट घरमालकाचं, कारण ते भिंतीत राहतं. पंखा ज्याने घेतला त्याचा. तुमचा पंखा लावताना मालकाचा जुना काढलात तर तो पात्यांसकट, स्क्रूंसकट पिशवीत बांधून ठेवा. घर सोडताना एक स्क्रू कमी निघाला तरी गोष्ट अनामत रकमेपर्यंत जाते.

२१. कंपनीच्या माणसाकडूनच बसवून घ्यावा लागतो का? नाहीतर वॉरंटी जाते?

वॉरंटी कार्डावर लिहिलेलं असतं, ते वाचा. साध्या पंख्यांना अशी अट सहसा नसते, बिल जपलं की पुरे. वॉरंटी मोटरची असते, टांगण्याची नसते. चुकीच्या जोडणीने सर्किट जळालं, तर ते कंपनी भरून देईलच असं नाही.

“बसवणं मोफत” असं विकताना सांगितलं असेल, तर मोफतमध्ये काय येतं ते लेखी घ्या. बहुतेक वेळा त्याचा अर्थ हूक आणि वायर तयार असलेली जागा एवढाच असतो.

२२. पैसे देण्याआधी मी काय तपासू?

वाटी वर सरकवण्याआधी वर चढून, किंवा मोबाइल वर धरून फोटो काढून, पिन बघा (प्रश्न ३). सुरक्षा तार आलेली असेल तर ती हुकाला वेगळी अडकवलीय का? वायरचे जोड नुसते पिळून टेप मारलेत की कनेक्टरमध्ये आहेत? जुनी वायर अॅल्युमिनियमची असेल तर तांब्याशी थेट पिळ देणं चूकच, तो जोड कालांतराने तापतो. हिरवी (अर्थिंगची) वायर कापून सोडून दिलेली नाही ना?

मग सगळ्या वेगांवर चालवा, आणि पूर्ण वेगाला असताना खाली उभे राहून वर बघा. वाटी स्थिर दिसली पाहिजे.

२३. जुना पंखा वायरमन घेऊन जातो. बरोबर आहे का?

पंखा तुमचा. द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. बंद पडलेल्या पंख्यातही लोखंड असतं आणि मोटरच्या वेटोळ्यात तांबं, काही स्वस्त पंख्यांत अॅल्युमिनियम. भंगारात तांब्याला चांगला भाव असतो, म्हणून “टाकून देतो मी, काळजी नको” असं कुणी फार प्रेमाने म्हणालं, तर ते पैसे मजुरीतून वजा करायला सांगा. मी स्वतः विचारूनच नेतो, आणि त्यातले चांगले स्क्रू आणि पिना एका डब्यात ठेवतो. कुणाच्या खोक्यात पिन नसली की तोच डबा कामाला येतो.